जुनं मशीन, पाच लिटरचं माप आणि तुमचे प्रश्न

पेट्रोल पंपावरच्या जुन्या मशीनविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते, ते आले आणि भरपूर आले. काही डीलरचे, काही गाडीवाल्यांचे, एक तर गोव्याहून. मी सव्वीस वर्षं या मशीनची झाकणं उघडण्यात घालवली, मराठवाडा, विदर्भ, कोकण सगळीकडे फिरलो, तेव्हा जे हाताखालून गेलंय तेच सांगतो.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात आमचा पंप आहे, दोन मशीन २००९ च्या, सक्शनच्या. कंपनीचा माणूस म्हणतो आतलं इलेक्ट्रॉनिक्स बदलून देतो, वडील म्हणतात नवीनच मागून घे. रोज मापाच्या भांड्यात पाच लिटर भरून तपासतो, ते माप तर एकदम बरोबर येतंय, मग हात लावायचाच कशाला?

दादा, "माप बरोबर येतंय" यावरच मी अडलो, कारण तुम्ही हे माप नोझल पूर्ण दाबून एकदाच घेत असणार, बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. उद्या सकाळी एक करा. त्याच नोझलने एक माप फुल स्पीडला घ्या आणि एक अगदी बारीक धारेने घ्या, दोन्ही आकडे वहीत वेगवेगळे लिहा आणि पंधरा दिवस हे चालू ठेवा, मगच पुढचं बोलू.

का ते सांगतो. जुन्या सक्शन मशीनमध्ये, म्हणजे ज्यातला पंप जमिनीतल्या टाकीतून इंधन वर ओढतो त्यात, दोन आजार असतात आणि ते एकमेकांना झाकतात. मीटरमधे पिस्टन असतात, त्यांचे कप झिजले की थोडं इंधन न मोजताच बाजूने निसटतं, म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त जातं आणि नुकसान तुमचं होतं, आणि हे निसटणं बारीक धारेला जास्त दिसतं. दुसरा आजार हवेचा. टाकीपासून मशीनपर्यंतच्या पाइपात कुठेतरी जॉइंट ढिला असेल तर पंप पेट्रोलबरोबर हवाही ओढतो, एअर सेपरेटरने ती हवा बाहेर काढायची असते, पण त्याचा फ्लोट अडकला असेल तर हवा मीटरमधून जाते आणि मीटर तिला पेट्रोल म्हणूनच मोजतो. हे फुल स्पीडला जास्त होतं आणि यात गिऱ्हाइकाला कमी जातं. आता एकीकडून जास्त आणि एकीकडून कमी, बेरीज शून्य आणि तुम्ही म्हणता माप बरोबर. मी जालन्याकडे एका पंपावर हे पाहिलंय, फुल स्पीडला माप बरोबर रेषेवर आणि बारीक धारेला पाच लिटरमागे तीस मिली जास्त, त्या मालकाला वर्षभर स्टॉक का जुळत नाही ते कळत नव्हतं आणि संशय मात्र कामावरच्या पोरांवर. पोरांचा काही दोष नव्हता. मला आजही त्याचं वाईट वाटतं कारण एक पोरगा काम सोडून गेला होता.

हिशोब करून बघा. पाच लिटरला पंचवीस मिली इकडेतिकडे कायद्याने चालतं. पण पंधरा मिली जरी रोज जास्त जात असेल आणि एका नोझलची विक्री दिवसाला ३००० लिटर असेल तर दिवसाला ९ लिटर गेले, महिन्याला २७०. डिझेल ९० रुपये धरलं तरी २४ हजारांच्या वर, तेही एका नोझलवर, आणि कायद्याच्या हद्दीत राहून.

तेव्हा आधी हायड्रॉलिक बघायचं आणि इलेक्ट्रॉनिक्स त्याच्यानंतर. पंपिंग युनिट आवाज करतंय का, साइट ग्लासमधे (इंधन दिसायच्या काचेत) बुडबुडे दिसतात का, मोटरचा बेल्ट सैल पडलाय का (आणि बेल्ट बदलाल तर अँटिस्टॅटिकच घ्या, पिठाच्या गिरणीचा बसवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय), मिनिटाला चाळीस लिटरच्या आसपास धार येते का की पंचवीसवर आलीय. धार कमी झाली की लोक मोटर बदला म्हणतात, पण आधी फिल्टर आणि स्ट्रेनर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच काम होतं. हे सगळं ठीक असेल, मीटरचे कप आणि एअर सेपरेटर दुरुस्त करून मिळत असतील तर नुसतं इलेक्ट्रॉनिक्स बदलून ते मशीन अजून पाच-सात वर्षं नीट चालेल. पण पंपिंग युनिटच गेलं असेल आणि स्पेअर येत नसतील तर नवा बोर्ड बसवून काय उपयोग, झिजलेल्या मीटरला नवा डिस्प्ले लावला तर तो चुकीचा आकडा फक्त जास्त स्वच्छ दाखवेल.

इलेक्ट्रॉनिक्सचं महत्त्व तुम्हा परभणीकरांना मी वेगळं सांगायला नको. मनमाडच्या डेपोतून एवढ्या लांबून टँकर येतात म्हणून तुमच्याकडे दर कायम चढा, २०२१ च्या सुरुवातीला प्रीमियम पेट्रोल शंभरीला टेकलं तेव्हा भोपाळला जुन्या मशीनवर तीन आकडी दर बसेना म्हणून काही पंपांनी ते पेट्रोल विकणंच थांबवलं होतं. मशीन ठणठणीत होतं, दाखवायला जागा नव्हती एवढंच. तर किट घेताना दराचे आकडे किती बसतात, ऑटोमेशनशी, म्हणजे पंपाच्या संगणकाशी, बोलतं का आणि टोटलायझर (एकूण विक्रीचा आकडा) वीज गेल्यावर टिकतो का, एवढं नक्की विचारा.

आणि किट त्याच मेकचं, त्या मॉडेलला मंजूर असलेलंच. मिडको, एल अँड टी, ड्रेसर वेन, गिल्बार्को, टोखेम, कुठलंही असो, मॉडेलला केंद्र सरकारची मंजुरी असते, भलत्याच मेकचा पल्सर (मीटरचं फिरणं विजेच्या ठोक्यांत बदलणारा भाग) किंवा बोर्ड घातला की ते मंजूर मॉडेल राहत नाही. सील तोडायचं ते वजनमापे खात्याला कळवून, काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच आणि नंतर पुन्हा स्टॅम्पिंग, म्हणजे खात्याची तपासणी आणि शिक्का. २०१७ ला आधी लखनौ आणि मग आपल्या ठाणे पोलिसांच्या धाडी आठवा, पल्सर आणि बोर्डातच माप मारणाऱ्या चिप सापडल्या होत्या. तेव्हापासून सील आणि नोंदवही जुळत नसली तर प्रामाणिक डीलरचं पण कोणी ऐकून घेत नाही.

वडिलांना सांगा, मशीन बहुतेक कंपनीच्याच मालकीचं असतं, तेव्हा नवीन मागायला हरकत नाही, पण पंधरा दिवसांची वही समोर ठेवून मागा. वही दाखवली की कंपनीचा माणूस पण वेगळं बोलतो.

प्रश्न : चंद्रपूर. एप्रिल-मे मधे दुपारी पेट्रोलचं मशीन मोटर चालू असून माल टाकत नाही, संध्याकाळी आपोआप सुरू. डिझेलला असं होत नाही. मेकॅनिक दरवर्षी पैसे घेऊन जातो.

हा मशीनचा दोष कमी आणि उन्हाचा जास्त. सक्शन पंप वरून पेट्रोल ओढतो तेव्हा पाइपात दाब कमी होतो, आणि कमी दाबात गरम पेट्रोलची वाफ लवकर होते. तुमच्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा, वरून पाइप जमिनीत वरच्यावर गाडलेला असेल तर सोन्यासारखं पेट्रोल वाफ होऊन पाइपात बसतं आणि पंप वाफेवर फिरत राहतो. डिझेलची वाफ इतक्या सहज होत नाही म्हणून ते चालू राहतं. असा पंप कोरडा फिरवत ठेवू नका, आतली व्हेन खराब होते.

तात्पुरतं म्हणून कॅनोपीची सावली मशीनवर दुपारी खरंच पडते का ते बघा, टाकीत पेट्रोल फार खाली जाऊ देऊ नका कारण जितकं खाली तितकं ओढायला जड, आणि चेक व्हॉल्व्ह धरतो का तपासा, तो गळत असेल तर प्रत्येक गाडीनंतर पाइप रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून ओढायला लागतं. पण कायमचा उपाय सबमर्सिबलच, म्हणजे पंप टाकीत बुडालेला आणि तो खालून ढकलतो, ओढत नाही. मग वाफेचा प्रश्नच मिटतो, एका टाकीवर चार-सहा नोझल असतील तर परवडतं पण.

फक्त दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. सक्शनमधे पाइपला भोक पडलं तर हवा आत येते, सबमर्सिबलमधे पाइप दाबाखाली असतो म्हणून पेट्रोल बाहेर जातं, जमिनीत, शेजारच्या विहिरीत. तेव्हा लीक डिटेक्टर आणि मशीनखाली शीअर व्हॉल्व्ह याच्याशिवाय सबमर्सिबल बसवूच देऊ नका, शीअर व्हॉल्व्ह म्हणजे गाडी मशीनला धडकली तर तिथल्या तिथे लाइन बंद करतो तो. आणि दुसरं, ती एक मोटर गेली की त्या टाकीवरची सगळी नोझल एकदम बंद, म्हणून स्पेअर मोटर कुठून आणि किती वेळात येईल ते आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : रत्नागिरी जिल्हा. नवऱ्यामागे पंप मी बघते. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून फिल्टर महिन्यात तुंबतात, एका नोझलच्या स्विव्हलमधून (होजला जोडणाऱ्या फिरत्या सांध्यातून) पाझर सुरू झालाय, मागच्या पावसाळ्यात दोन गाड्या बंद पडल्या म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं. मशीन बारा वर्षांचं आहे. दोष कशाचा?

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहा टक्के इथेनॉल देशभर २०२२ ला झालं, वीस टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून यायला लागलं. इथेनॉलचे दोन गुण तुमच्या मशीनला लागू पडतात. एक, ते टाकीत आणि पाइपात वर्षानुवर्षं बसलेला गाळ, गंज, चिकटा सोडवतं, तो सगळा येऊन फिल्टरमधे बसतो. म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबणं हे साहजिक आहे, पण तुम्हाला दोन वर्षं होऊन गेली तरी महिन्यात तुंबतोय म्हणजे टाकीचा तळ साफ करायची वेळ झाली. फिल्टर काढून कापून बघा, तांबूस भुकटी असेल तर टाकीचा गंज आणि बुळबुळीत असेल तर पाण्याचा संबंध. काही लोक वैतागून फिल्टरच काढून ठेवतात, तसं मुळीच करू नका, तो कचरा मग मीटरमधे जातो आणि मीटरचे कप खरवडतो, आणि एका फिल्टरची बचत करता करता अख्खं मीटर जातं.

दुसरा गुण म्हणजे जुन्या रबराशी त्याचं पटत नाही. बारा वर्षांपूर्वीचे ओ-रिंग, गास्केट, होज हे सगळे आजच्या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते, काही फुगतात, काही कडक होऊन चिरतात. स्विव्हलचा पाझर तिथूनच. नुसती स्विव्हलची रिंग बदलून थांबू नका, नोझल, होज, ब्रेकअवे (गाडी होज ओढत निघाली तर सुटणारा जोड), सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा), फिल्टरचं हाउसिंग, मीटरचं कव्हर या सगळ्यांची सील एकदम बदलून घ्या आणि पावतीवर इथेनॉलला चालणारं मटेरियल आहे असं लिहून मागा. दुकानदार "सगळं सारखंच असतं" म्हणेल, तसं नसतं.

आता पाणी. साध्या पेट्रोलमधे पाणी तळाशी वेगळं बसायचं, डिपरॉडला (टाकीत बुडवायच्या मापाच्या दांड्याला) पाणी दाखवणारी पेस्ट लावली की लगेच कळायचं. इथेनॉलवाल्या पेट्रोलमधे थोडं पाणी विरघळून जातं, दिसतच नाही, आणि हद्द ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. तो तळचा थर गाडीत गेला की गाडी बंद, आणि वरचं पेट्रोल पण कमी प्रतीचं राहतं कारण त्यातलं इथेनॉल गेलं. साधी पेस्ट या थराला नीट रंग देत नाही, इथेनॉलची वेगळी पेस्ट मिळते ती वापरा. आणि एकदा थर वेगळा झाला की ढवळून पुन्हा एक होत नाही, नोझल लगेच बंद करून कंपनीला कळवायचं, "दोन दिवसांत बसेल" म्हणून वाट बघायची नाही.

पाणी येतं कुठून तर कोकणात ते वरूनच येतं. मॅनहोलच्या चेंबरमधे पाऊस साचतो, भरायच्या पाइपचं झाकण सैल असतं, त्याची रबरी वायसर गेलेली असते, व्हेंट पाइपची टोपी उडालेली असते. मे च्या शेवटच्या आठवड्यात हे चारही बघून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. पावसाळाभर रोज सकाळी आणि टँकर खाली व्हायच्या आधी-नंतर पाण्याचा डिप. चेंबरमधे पाणी दिसलं की झाकण उघडण्याआधी ते उपसायचं, मुसळधार पावसात टँकर खाली करायची घाई नको, ड्रायव्हर कितीही ओरडला तरी.

भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाबद्दल एवढंच, तो चुकला नव्हता. पाण्याच्या डिपची वही असती तर तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं असतं.

प्रश्न : पुणे. पंपावर झिरो बघितलं तरी मीटर एकदम पाच-सहा रुपयांवर उडी मारतं. ही चोरी का? शंभरऐवजी एकशेदहाचं पेट्रोल घेतलं तर फसवणूक होत नाही हे खरं का?

उडीचं आधी. फुल स्पीडला मिनिटाला चाळीस लिटर म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटरच्या जरा कमी, १०४ रुपये लिटर धरला तर सेकंदाला सत्तरएक रुपये. डिस्प्ले प्रत्येक पैसा दाखवूच शकत नाही, तो टप्प्याटप्प्याने आकडा बदलतो, म्हणून चालू असताना पाच-सहा रुपयांची झेप ही साधी गोष्ट आहे. पण नोझल टाकीत घालून दाबायच्या आधीच आकडा हलला तर मात्र बरोबर नाही. तेव्हा होज अर्धा रिकामा झालेला असतो, बहुतेक सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही किंवा नोझल गळतंय, म्हणजे ते रिकामं होज तुमच्या पैशाने भरलं जातं. मॅनेजरला सांगा, लिहून द्या.

एकशेदहाच्या आकड्यामागे काही नाही. मशीन लिटर मोजतं आणि दराने गुणतं, त्याला तुमचा शंभर काय आणि एकशेदहा काय, आणि कुणी खरंच आत चिप घातली असेल तर ती एकशेदहाला पण तेवढंच कापेल. पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं हे पण तसंच, टाकी जमिनीत आहे, तिथलं तापमान दुपार-पहाटेला जवळपास सारखंच.

संशय असेल तर पाच लिटरचं स्टॅम्प केलेलं माप मागा, ते प्रत्येक पंपावर असलंच पाहिजे आणि मागणं तुमचा हक्क आहे. माप आधी एकदा पेट्रोलने ओलं करून रिकामं केलेलं हवं, सपाट जागेवर ठेवलेलं हवं. कोरड्या मापात पहिलं पेट्रोल भिंतींना चिकटतं आणि उगाच कमी दिसतं, त्यावरून भांडणं झालेली मी पाहिलीत. पाच लिटरला पंचवीस मिलीपेक्षा जास्त तूट आली तर वजनमापे खात्याकडे तक्रार करा, ते नोझल तिथेच बंद होतं.

प्रश्न : कोल्हापूरकडे ऊस वाहतुकीचे बारा ट्रॅक्टर आहेत, स्वतःच्या आवारात डिझेलसाठी जुनं डिस्पेन्सर घ्यायचा विचार आहे. लिलावातलं स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

मशीनच्या आधी टाकीचं बोला. डिझेल एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडं १००० लिटरच्या वरचं नाही, तर पेट्रोलियम कायद्याने परवाना लागत नाही. त्याच्या वर गेलात की कलेक्टरची एनओसी आणि पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवाना आला, पेसोचं मुख्य कार्यालय नागपूरलाच आहे. पेट्रोलचं हेच गणित लावू नका, त्याची सूट फक्त ३० लिटर.

मशीन घ्यायचं तर चालू हालतीत बघूनच घ्या, लिलावाच्या ढिगातलं नको. प्लेटवर मॉडेल आणि सीरियल नंबर वाचता येतो का, जंक्शन बॉक्स फ्लेमप्रूफ आहेत का आणि त्यांचे सगळे बोल्ट जागेवर आहेत का ते बघा. एक बोल्ट नसला तरी तो बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही, ठिणगी बाहेर येऊ शकते. गावातल्या वायरमनने ग्लँडच्या (वायर आत जाते तिथल्या घट्ट जोडाच्या) जागी टेप गुंडाळलेली असेल तर तिथूनच परत फिरा. मग बारीक आणि फुल अशी दोन्ही मापं घ्या, वर परभणीच्या दादांना सांगितलं तशीच. अर्थिंग नवीन करून घ्या, मशीनला वेगळी अर्थ, वळवाच्या पावसात वीज कोसळली की पहिला बोर्ड जातो.

ट्रॅक्टर तुमचेच असतील तर माप तुमच्या हिशोबापुरतं. पण ड्रायव्हरच्या किंवा भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या बिलातून डिझेलचे पैसे कापणार असाल तर तो व्यवहार झाला, मग स्टॅम्पिंग करून घ्याच. समोरच्या माणसाच्या घामाचे पैसे असतात ते.

प्रश्न : म्हापसा, गोवा. आजोबांच्या बंद पडलेल्या पंपावरचं जुनं चाकांच्या आकड्यांचं मशीन घरात शोभेला ठेवायचंय. डायलवर "लित्रोस" लिहिलंय, आमच्या ओळखीच्या मुंबईच्या माणसाकडच्या पंपावर गॅलन आहे, असं का? आणि वेल्डरकडून गंजलेला पाय जोडून घेऊ का?

तुमच्याकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते आणि त्यांची मोजमापं मेट्रिक, इकडे ब्रिटिशांचे गॅलन, आपल्याकडे मेट्रिक साठच्या दशकाच्या आसपास आलं. तेव्हा तुमचं मशीन खरंच जपण्यासारखं आहे, डायल आणि आकड्यांची चाकं पॉलिश करू नका, नुसत्या मऊ फडक्याने पुसा. मूळ रंग खरवडू नका, जुन्या रंगात शिसं असतं आणि तेव्हाचं पेट्रोल पण शिशाचंच, आपल्याकडे ते २००० साली बंद झालं, म्हणून आतला गाळ काढताना हातमोजे आणि मास्क लावा.

वेल्डरला मात्र अजून बोलावू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पंपिंग युनिटमधे, मीटरच्या पोटात, होजमधे पेट्रोलचे थेंब आणि वाफ अडकून राहते, वास येत नसला तरी. आधी पंपिंग युनिट, मीटर, होज, सगळे पाइप खोलून बाहेर काढा, नुसता सांगाडा राहू द्या, तो पाण्याने धुवून आठवडाभर उघड्यावर ठेवा आणि मगच वेल्डिंगची टॉर्च लावा. आणि आवारात जुनी टाकी जमिनीत तशीच असेल तर तिच्यावर कुणाला काही कापू-जोडू देऊ नका, ती रीतसर साफ करून गॅस-फ्री (आत वाफ उरली नाही) झाल्याचा दाखला घेतल्याशिवाय तिथे काडीसुद्धा ओढायची नाही.